समुद्राकडची भिंत

मांडवी बंदर, रत्नागिरी
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९३४

प्रिय गंगाराम,

आशीर्वाद घे, आणि आधी कुठेतरी निवांत बस, कारण हे पत्र लांब होणार आहे. बाबांनी सगळ्या आळीची बोलणी खाऊन मला मराठी चौथीपर्यंत शाळेत पाठवलं, त्याची वसुली मी आता तुझ्याकडून करते आहे असं समज. इथे सगळे खाऊनपिऊन सुखी आहेत. तुझ्या बिल्डिंगचं आधी सांगते, नाहीतर बाकीचं तू नीट वाचणार नाहीस.

तिसरा मजला चढला, गच्ची झाली, आणि बंदरावर दुसरा विषय उरला नाही. रावजी दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की कोकणात कौलं सोडून सपाट डोकं करणारा हा पहिलाच शहाणा, आषाढात वर मासे पोहतील. शेजारच्या सखूला पावसाची काळजी नाही, तिला एवढंच विचारायचंय की गच्चीवर बोंबील वाळत घालायला देशील का. आणि तुझे भाडेकरू! कोर्टातल्या कारकुनाची बायको मधला मजला बघून गेली. जागा आवडली, खिडक्या आवडल्या, पण देव मांडायचे कुठे यावर गाडं अडलं. वरच्या बिऱ्हाडाचे पाय तिच्या देवांच्या डोक्यावर येणार ना. आता तिलाही वरचा मजला हवा, शाळामास्तरांनाही वरचा आणि तिसऱ्या एका बिऱ्हाडालाही वरचाच. देवांच्या पायी तुझे खालचे मजले ओस पडतात की काय, बघ बाबा. तिकडे दादरला तुम्ही चार-चार मजले चढवता, तिथे लोक देव कुठे ठेवतात, ते एकदा लिही.

माझं मत विचारशील तर मी सुरुवातीला रागातच होते, ते तुला ठाऊक आहे. आपल्या आवारातले ते दोन माड तू तोडायला लावलेस, तेव्हा मुंबईत बसून तुला त्याची किंमत कळली नाही. ते माड समुद्रावरून एकामागे एक दिसले की होडी सरळ आत घ्यायची, म्हणजे खडक चुकतो, हे आपल्या आजोबांपासून चालत आलेलं. तू पावसात तोडलेस, होड्या तेव्हा किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. नारळी पौर्णिमेनंतर तुझे भावजी पहिल्यांदा समुद्रावर गेले आणि परतताना बघतात तर खूणच गायब. त्या दिवशी ते घरी येऊन जेवलेही नाहीत. सगळं बंदर ज्यांना केरू तांडेल म्हणून मान देतं, त्या माणसाला आपल्याच बंदरात शिरायला चाचपडावं लागलं. त्यानंतर त्यांनी तुझं नाव टाकलं, ते आता वर्ष उलटून गेलं. माझी मात्र मधल्या मधे भाऊ आणि नवरा अशी ओढाताण झाली, ती कुणी विचारली नाही.

मग होड्यांनी नवी खूण धरली. तुझ्या बिल्डिंगचा कोपरा आणि मागचा वड. तो कोपरा वडावर आला की वळायचं. शिव्या देत देत सगळे तुझ्याच भिंतीकडे बघायला लागले, आहे की नाही गंमत. मागच्या महिन्यात मी रघू गवंड्याला विचारून गच्चीवर चढले. गंगाराम, खरं सांगते, मला रडू आलं. लग्न झाल्यापासून मी किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी राहते आणि शीड दिसतं ते अगदी जवळ आल्यावर. तोवर जीव मुठीत. वरून मात्र ते इतक्या आधी दिसलं, की मला उगीच वाटलं, मधली सगळी वर्षं मी फुकट घाबरत घालवली. उंच घरांबद्दल लोक काय काय बोलतात. शेजाऱ्याची परसदारं दिसतात, वारा अडतो, माणूस जमिनीपासून तुटतो. असेलही तसं. पण घरच्या माणसाची होडी लवकर दिसते, हेही त्यातलंच, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आपली होडी खडकाकडे जराशी कलली आणि लगेच सरळ झाली, तेही पाहिलं. वारा असेल म्हटलं.

तुझे भावजी या वर्षी फार निवळलेत. पूर्वी आमटीत मीठ कमी पडलं तरी भांडण व्हायचं, आता पुढ्यात येईल ते मुकाट जेवतात. काट्यांची मासळी मात्र नको म्हणतात, कोळंबी कर म्हणतात. जाळं विणायच्या सुईत दोरा मला ओवायला लावतात, वर म्हणतात तुझी बोटं चपळ. मी आपली खूश, म्हातारपणी का होईना कौतुक झालं. एकदा सखूला आपली सासरी गेलेली मैना समजून तिच्या सासरची चौकशी केली, तर सगळे हसले आणि तेही हसले. भागोजी, त्यांच्या होडीवरचा जुना गडी, तो पूर्वी पुढे नाळेवर असायचा, आता सुकाणूपाशी त्यांना चिकटून बसतो. मला वाटलं, दोघांचं चांगलं जमलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी तुझं नाव घेतलं. गेल्या आठवड्यातली संध्याकाळ. होडी लागली, आम्ही बायका टोपल्या घेऊन पुढे झालो, लिलावाला माणसं जमलेली. उतरता उतरता हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गंगारामनं भिंत काय पांढरीशुभ्र करून घेतलीय! तिच्यावरच होडी धरून आलो."

कुणी हसलं नाही. रावजीसुद्धा हसला नाही. भागोजी खाली वाकून जाळ्याची गाठ सोडत बसला, ती गाठ आधीच सुटलेली होती. मी मागे वळून पाहिलं. भिंत तुला माहीत आहे तशीच, जांभ्याचा चिरा उघडा, उन्हात लालभडक. बोटभरही चुना लागलेला नाही. दिवाळीआधी पांढरी करीन असं तू सगळ्या बंदराला सांगितलं होतंस, ते यांनी ऐकलं होतं. मुंबईहून तो नवा पिवळा रंग पाठवतो म्हणून तू काम थांबवलंस, ते यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. टोपली डोक्यावर घेतली, घरी आले आणि चुलीपुढे बसून रडले.

दुसऱ्या दिवशी भागोजीला गाठलं. आधी नाही नाही म्हणाला, मग त्याचेही डोळे भरले. दसऱ्यापासून तो त्यांच्या शेजारी बसून हलकेच सांगतो, तांडेल, कोपरा वडावर आला, आणि मग हे सुकाणू वळवतात. होडीवरच्या सगळ्यांना माहीत आहे. कुणी घरी चकार शब्द बोललं नाही, तांडेलाचा मान जाऊ नये म्हणून. पण भागोजीला त्याच्या मेव्हण्याने हर्ण्याला होडीवर बोलावलंय, पौष सरला की तो जाणार. पुढे कोण सांगेल? आणि होडीवर आणखी पोटं आहेत, गंगाराम, कुणाकुणाची पोरं आहेत. मी हे त्यांना सांगायला गेले तर ते त्याच दिवशी हट्टाने एकटे समुद्रावर जातील. त्यांचा स्वभाव तुला नव्याने सांगायला नको.

म्हणून तुला लिहिते आहे. तू ये. मिळेल त्या आगबोटीने ये आणि स्वतः होऊन त्यांच्याशी बोल, माडांबद्दल चुकलो म्हण, कमीपणा मानू नकोस. मग त्यांना म्हण, भावजी, तुम्ही माझ्या बिल्डिंगला नावं ठेवलीत, आता मुंबईला चला आणि दादरच्या बघा, मग बोला. भांडायला मिळतंय म्हटल्यावर ते येतील. तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. रावजीच्या आईचा मोतीबिंदू तिथेच काढला, आता ती तांदळातला खडा वेचते. मी लिहिलं हे कधी कळू देऊ नकोस. आणि तू यायच्या आधी रघूला निरोप धाड. तुझा पिवळा रंग राहू दे, गिलावाही मागाहून कर, आवारात चुना भिजत पडलाच आहे, समुद्राकडच्या भिंतीला तेवढा मारून घे म्हणावं. त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी सुटेल, ते आगबोटीने परत येतील आणि आधी तिकडेच बघतील. तेव्हा ती भिंत पांढरी असू दे, बाबा.

तुझीच,
राही आक्का