डायरेक्ट बॅटरीला

२ नोव्हेंबर, रविवार
गाडीला नवा स्टिरिओ आणला. दुकानदार म्हणाला, मंगळवारी या, बसवून देतो. मंगळवारपर्यंत वाट बघायला मी काय रिकामटेकडा आहे? घरीच बसवला. मागून वायरींचा हा एवढा झुबका. सोबतच्या कागदावर लिहिलंय, पिवळी वायर बॅटरीला आणि लाल किल्लीच्या स्विचला जोडा. म्हणजे गाणं ऐकायला आधी किल्लीची परवानगी. मधले स्विच आणि मधली माणसं, दोन्हींचा मला तिटकारा. लाल-पिवळी एकत्र पिळली आणि डायरेक्ट बॅटरीला. पहिल्या झटक्यात वाजला.

हिने विचारलं, किल्ली काढल्यावर टेप बंद कसा होणार? म्हटलं, होणारच नाही, तीच तर गंमत आहे. बायकोला यंत्रातली गंमत कळत नाही.

महत्त्वाचं: हिची ड्रायव्हिंग टेस्ट वीस तारखेला. चोवीसला नव्या नोकरीवर हजर व्हायचंय आणि तिकडे बस जात नाही. लायसन्स नाही तर नोकरी नाही, हे ही उठता-बसता ऐकवते. संकल्प: रोज सकाळी शिकवणार. न ओरडता.

३ नोव्हेंबर
शिकवणं जमलं नाही. काल स्टिरिओ बसवून पाठ धरली होती.

स्टिरिओला निळा दिवा आहे. आवाज शून्यावर नेला तरी तो चालूच. गॅलरीतून पार्किंगमध्ये सुरेख दिसतो. चोराला वाटेल आत कोणीतरी बसलंय.

ऑफिसात नव्या मुलीने अर्ज थेट साहेबांच्या टेबलावर ठेवला. चांगली झापली. आवक-जावक विभाग मध्ये कशासाठी आहे? मी कशासाठी आहे?

५ नोव्हेंबर
सकाळी गाडी चालू होईना. गारठा. ही म्हणाली, टेप रात्रभर चालू होता. सांगितलं की आवाज शून्य म्हणजे टेप बंद, लहान पोरालाही कळतं.

धक्का मारला. ही स्टिअरिंगवर, मी आणि वरच्या मजल्यावरचे काका मागे. ओरडून शिकवलं (ऐकू जावं म्हणून): सेकंड गिअर, क्लच दाबून धर, गाडी पळाली की सोड. चालू झाली. ही मला घ्यायला थांबली आणि गाडी पुन्हा बंद. परत धक्का.

६ नोव्हेंबर
परत तेच. पेट्रोलात भेसळ आहे. पंप बदलला.

८ नोव्हेंबर
पंप बदलूनही तेच. बॅटरी जुनी होती, नवी घातली. हा निर्णय मी आधीच घेणार होतो.

मेव्हणा आला होता. बॉनेट उघडून हसला. म्हणाला, दाजी, लाल वायर किल्लीवर घेऊ या, दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या गाडीला हात लावायचा नाही, असं स्वच्छ सांगितलं. त्याच्या घरातला पंखा अजून आवाज करतो, तो आधी बघावा.

११ नोव्हेंबर
नवी बॅटरीही बसली. हल्ली मालात दम राहिला नाही.

ही म्हणते, तो निळा दिवाच बॅटरी खातोय. कटकट नको म्हणून दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. दिवा दिसत नाही. विषय संपला.

१२ नोव्हेंबर
विषय संपला नाही. कारण कळत नाही.

१४ नोव्हेंबर
आता शिकवण्याला शिस्त आलीय. मी धक्का मारतो, ही क्लच सोडते, गाडी चालू होते. थांबलं तर बंद पडेल म्हणून ही थांबत नाही. शेजारी लायसन्सवाला माणूस लागतो, तिथे काका बसतात, त्यांचे गुडघे दुखतात. ही कॉलनीला चकरा मारते. मी गेटवर उभा राहून प्रत्येक चकरेला एकेक सूचना देतो. काच बंद असते, पण मुद्दा पोचत असावा.

धक्क्याला आता पेपरवालाही येतो. लोकांना माझ्याबद्दल आपुलकी आहे.

१९ नोव्हेंबर
उद्या टेस्ट. ही घाबरलीय. जेवताना म्हणाली, अहो, उद्या गाडी बंद पडली तर माझी नोकरी गेली, आज तेवढा टेप काढून ठेवा. हिच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही वाईट वाटलं. लगेच खाली गेलो. काढायच्या आधी सहज मॅच लावली. शेवटची ओव्हर फार लांबली. आवाज शून्यावर नेला आणि वर आलो. काढण्यासारखं बिघडलंय काय?

२० नोव्हेंबर
घरून धक्का. मैदानावर आरटीओच्या साहेबांनी हिला गाडी बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. बंद केली. संपलं.

ही माझ्याकडे बघत होती.

मग काच खाली करून म्हणाली, मारा धक्का. मी आणि रांगेतले दोघे लागलो. साहेब आत बसलेलेच. सेकंड, क्लच, सुटली. चढ, वळण, रिव्हर्स, गाडी एकदाही बंद पडू दिली नाही. पास. साहेब म्हणाले, क्लचवर असा पाय मी पाहिला नाही, शिकवलं कोणी? हिने काकांचं नाव सांगितलं.

गडबडीत चुकून गेलं असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार
हिचा नोकरीचा पहिला दिवस. मला वाटेत ऑफिसला सोडायचं ठरलं होतं. माझी बॅग, डबा, छत्री मागच्या सीटवर. धक्का मारला, गाडी चालू झाली, त्याबरोबर गाणंही. ही वळणापाशी हात बाहेर काढून ओरडली, थांबता येत नाही, तुम्ही बसने या. गाणं चौकापर्यंत ऐकू आलं. क्वालिटी चांगली आहे. एक चप्पल धक्का मारताना तुटली.

ऑफिसात उशिराचा शेरा. नव्या मुलीने तो थेट साहेबांकडे नेला.

संध्याकाळी ही आली. गाडी खाली बंद केली, पुन्हा चालू करून दाखवली. दुपारच्या सुट्टीत मेव्हण्याने लाल वायर किल्लीवर घेतली म्हणे. दहा मिनिटं लागली.

जेवण झाल्यावर जरा बातम्या ऐकाव्यात म्हणून खाली जाऊन बसलो. बटणं दाबून बघितली. टेप आता किल्लीवर चालतो. किल्ली हिच्या पर्समध्ये असते.

उद्याच्या बसचा नंबर काकांना विचारून ठेवला आहे.