आन्नेग्रेट कुबाशची बुरशी

मी, गेर्नोट लेह्निग, वय एकाहत्तर, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, राहणार सेन्फ्टेनबेर्ग, फुप्फुसं सोडली तर धडधाकट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहतं घर व बचत पुतणी उल्रिके हिला. सुतारकामाची हत्यारं शेजाऱ्याला मुळीच देऊ नयेत. माझ्या फळ्यांना तो वाकड्या म्हणाला होता.

२. सूक्ष्मदर्शक श्रीमती आन्नेग्रेट कुबाश हिला. कारण सांगणं भाग आहे.

एकोणीस वर्षं मी तपकिरी कोळशाची रचना उलगडत होतो. गाडल्या गेलेल्या लाकडातल्या कार्बनच्या कड्या, त्यांना जोडणारे ऑक्सिजनचे पूल. आन्नेग्रेट आमच्या कोळसा संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायची. १९७६ साली तिने बर्चच्या खोडावरची बुरशी कोळशावर लावली. आठव्या दिवशी ओरडली, "डॉक्टरसाहेब, बघा, कोळशाला घाम फुटलाय!" खरंच काळे थेंब होते. माझ्या आकृत्यांपुढे मिनिटभर न थांबणारे संचालक तिच्या बशीपाशी तासभर बसले. माझा नुसता जळफळाट झाला.

खात्रीसाठी कोळशाच्या दोन बशा ठेवल्या, एक बुरशीची, एक बिनबुरशीची. रविवारी जाऊन मी बिनबुरशीच्या बशीत कॉस्टिक सोडा टाकला. त्यात हा कोळसा आपोआप विरघळतो. सोमवारी दोन्ही बशांत काळं पाणी. सर्वांसमोर मी म्हणालो, "बुरशी कसली, फ्राउ कुबाश? बशा नीट धुतल्या नाहीत, सोडा राहिलाय." तिची बदली कोळशाच्या विटांच्या कारखान्यात, खानावळीत झाली.

पुढे मी गुपचूप तीच बुरशी वाढवली. बुरशीने ते ऑक्सिजनचे पूल तोडले, काळं पाणी पिवळं केलं. मी कोणाला बोललो नाही.

गेल्या वसंतात तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती.

"माहीत होतं. मी बशी कधी कच्ची धुतली नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कोण ऐकणार होतं? तुमच्या नावामागे डॉक्टर, माझ्या हातात बादली. तळघरात अजून वाढवते मी ती. बघायचीय?"

बस चुकेल असं सांगून मी उठलो. बसला अजून तासभर अवकाश होता.

३. वरील मजकूर संस्थेत सर्वांसमोर वाचावा. बुरशीवरच्या माझ्या नोंदी केवळ तिच्या नावाने छापाव्यात.

४. माझ्या दफनविधीला तिला बोलावू नये. ती आली तर सगळे तिच्याकडेच बघतील, आणि ते मला आजही सोसवत नाही.

सही: गेर्नोट लेह्निग
साक्षीदार: १. विनफ्रीड डोमाश्क, औषधविक्रेता २. रोस्वीथा हांटुश, परिचारिका
सेन्फ्टेनबेर्ग, १४ ऑक्टोबर १९९९