तिकीटचा पट्टा

डहाणू,
६ फेब्रुवारी २०१७

चि. सौ. रुपल हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र भाविकला नाही, तुला लिहिते आहे, कारण कुत्र्यासाठी वापीचा डॉक्टर तू शोधलास. माझा भाचा बिचारा नुसती गाडी चालवतो. फोन करत नाही, कारण मी आवाज चढवला की तू रडतेस आणि मलाच गप्प बसावं लागतं. पत्रावर रडलीस तर मला ऐकू येणार नाही.

तिकीटच्या पोटातला खडा काढला, चांगलं झालं. पण निघताना डॉक्टरच्या त्या माणसाने काय सांगितलं, तर दहा दिवस पट्टा सोडायचा नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा तेच. तू मध्ये बोलायला लागलीस तेव्हा मी तुला थांबवलं. जन्मभर डहाणूच्या टपाल कचेरीत बसले, निम्मी गिऱ्हाइकं गुजराती बोलायची, एकाचीही मनीऑर्डर माझ्या हातून चुकली नाही. मला दुभाषी लागत नाही.

तर गुरुवारी घरी आल्यापासून तो खाटेच्या पायाला बांधलेला आहे. पट्टा त्याच्यासाठी नवीन आणावा लागला, कारण आयुष्यात त्याला कोणी बांधलं नव्हतं. टपालाच्या तिकिटासारखा अंगाला चिकटायचा म्हणून ते नाव ठेवलं. आता मी जवळ गेले की भिंतीकडे तोंड करतो. शेजारची बायजी सुके बोंबील विकायला निघताना डोकावते आणि विचारते, याने कोणाचा खून केला. तिला काय उत्तर देऊ?

स्वच्छतेबद्दल मात्र त्या माणसाने अवाक्षर काढलं नाही. पोटाभोवतीचं ते कापड इतकं कळकट झालं होतं की शनिवारी मीच कातरून टाकलं. जखमेला हवा लागू द्यावी हे आम्हाला शाळेत सिस्टर बर्नाडेटने छडी हातात घेऊन शिकवलं होतं. काल वाढवणला बंदराविरुद्धच्या सभेला गेले होते. परत आले तर एक टाका सुटलेला, जागा ओली, आणि हा चाटत बसलेला. पट्ट्याला ओढून ओढून सुटला, दुसरं काय. हे तुझ्या डॉक्टरला जाऊन सांग, आणि असा जुलूम कोणत्या पुस्तकात लिहिलाय तेही विचार.

आणखी एक. गुरुवारी निघताना तू पुन्हा 'आवजो' म्हणालीस. जाणाऱ्याने 'येते' म्हणावं. माझ्या घरातून निघायचं तू आणि 'या' म्हणायचं मला, ही कुठली रीत?

कळावे. लोभ आहे; वाढवायचा की नाही ते डॉक्टरचं उत्तर आल्यावर ठरवीन.

तुझी,
हंसाआत्या


डहाणू,
९ फेब्रुवारी २०१७

चि. सौ. रुपल हिस आशीर्वाद. आज 'अनेक' लिहिलेलं नाही, याची नोंद घे.

काल भर दुपारी तू माझ्या घरात शिरलीस. मुठीत माझं पत्र, पायात चप्पल तशीच. तिकीटला पाहिलंस, माझी भाजीची कात्री घेऊन पट्टा कापलास, त्याला ओढणीत गुंडाळलंस आणि गाडीत बसून निघून गेलीस. मला एक शब्द नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते आणि अख्खी आळी बघत होती. संध्याकाळी बायजीने विचारलं की सुनेने कुत्रा पळवला की काय. मी तिला म्हटलं, तुझ्या बोंबलांवर मांजर बसलंय, तिकडे बघ.

भाविक फोनवर एवढंच सांगतो की जखमेत पू झालाय, टाके पुन्हा घातले, ताप आहे, वाचेल की नाही ते उद्या कळेल. का झालं हे विचारलं की म्हणतो, रुपल सांगेल. कुत्रा माझा. नऊ वर्षं माझ्या पायाशी झोपतो. तो मरतोय की जगतोय ते मला सुनेच्या सवडीने कळणार?

मी आजच पहिल्या एसटीने तलासरीला येणार होते. पण तुझ्या दारात उभं राहून माझ्याच कुत्र्याची चौकशी करायची माझी तयारी नाही.

लोभाविषयी आज काही लिहीत नाही.

हंसाआत्या


तलासरी,
११ फेब्रुवारी २०१७

ती. हंसाआत्या यांस रुपलचा सा. न. वि. वि.

तुमचं दुसरं पत्र आज मिळालं. आधी हवं ते सांगते: तिकीटचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, जगेल. आणखी एक दिवस गेला असता तर त्यांनी हात टेकले असते.

त्या माणसाने दवाखान्यात सांगितलं होतं, 'पाटो छोडवानो नथी.' पाटो म्हणजे पट्टा नाही, आत्या. जखमेला बांधतात ती पट्टी, तो पाटो. ती दहा दिवस सोडायची नव्हती. तुम्ही सोडायचा तो बांधून ठेवलात आणि बांधायची ती सोडलीत.

बुधवारी मी बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर जे बाहेर आलं असतं ते परत घेता आलं नसतं. मी रडते म्हणून तुम्ही मला फोन करत नाही. मी रडत नाही आत्या, मी राग गिळते, त्याचा तसा आवाज होतो. आठ वर्षं मी तुमच्या घरात तुमच्या भाषेत गप्प बसते. दवाखान्यातही तुम्ही हात वर केलात आणि मी गप्प बसले. तेव्हा बसायला नको होतं.

टाके निघेपर्यंत तिकीट इथेच राहील. विचारत नाही, कळवते आहे.

एकच अडचण आहे. तो खात नाही. पातळ पेज चमच्याने देते, गुजरातीत लाड करते, मराठीतही करून पाहिले. दाराकडे बघत पडून राहतो. खाल्लं नाही तर औषध पोटात राहणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही त्याला भरवताना काय म्हणता ते भाविकबरोबर लगेच कळवा. तुमच्या बोलण्यातलं काहीतरी त्याला लागतं. आम्हाला सगळ्यांनाच लागतं, पण त्याला वेगळ्या अर्थाने.

प्रकृतीस जपावे. माझ्यावर रागावायचं असेल तर जेवून रागावा.

आपली,
रुपल


डहाणू,
१२ फेब्रुवारी २०१७

चि. सौ. रुपल हिस अनेक आशीर्वाद.

भाविक चहा घेतोय तेवढ्यात लिहिते.

पेज कोमट हवी. चमचा चालणार नाही, बोटाने द्यायची. समोर बसून चढ्या आवाजात म्हणायचं, 'मनीऑर्डर आली, सही करा.' 'अहोजाहो' करायचं, नाहीतर तो तोंड उघडत नाही. लाडाची त्याला सवय नाही. माझ्याकडे राहतो.

बाकी, पाटो आणि पट्टा. ज्यांना दोन वेगळ्या वस्तूंसाठी दोन धड वेगळे शब्द करता येत नाहीत त्यांनी दवाखाने काढू नयेत. त्या माणसाने बोट दाखवून सांगितलं असतं तर काय झिजलं असतं? सिस्टर बर्नाडेटचाही मला राग आला आहे, पण ती आता हयात नाही. आणखी कोणाकोणाचा राग आला आहे ते लिहीत नाही. रात्री खाटेच्या पायाशी तो पट्ट्याचा उरलेला तुकडा दिसला. बायजीला देऊन टाकला, बोंबील वाळवायच्या वलांडीला बांधायला.

टाके काढायच्या दिवशी मी वापीला येईन. डॉक्टरशी तू बोलायचंस. मी शेजारी गप्प बसेन. हे बायजीला कळता कामा नये.

नंतर तिकीटला घेऊन तू इकडे राहायला ये. भाविकला जमलं तर तोही. आणि राग गिळू नकोस. आवाज कर, मला सवय आहे.

लोभ आहे. तुझा किती उरलाय ते कळव.

आवजो. अर्थ चुकला असेल तर इथे येऊन सांग.

हंसाआत्या