पाऱ्यावरचा पहारा

३ मार्च, सोमवार
लेकीचा फोन. १६ तारखेला, रविवारी, नातीला घेऊन येतेय. नात आता रांगते, दिसेल ते तोंडात घालते. म्हणून अट घातली: घरातल्या पाऱ्याच्या सगळ्या वस्तू आधी बाहेर. मागच्या खेपेला माझ्या हातून थर्मामीटर फुटला आणि मी पारा झाडूने गोळा करताना तिने पाहिलं. पारा झाडायचा नसतो म्हणे. चाळीस वर्षं वायरिंग करून स्वतःचं दुकान काढलेल्या माणसाला शिकवते. शिकवू दे.
संकल्प: शनिवारी सगळं रीसायकलिंग केंद्रात. विषय संपला.

त्याच संध्याकाळी
माळ्यावर जुन्या ट्यूब चौदा. पलंगाखाली खोकंभर सीएफएल दिवे; ट्यूबसारखा त्यांतही पारा. थर्मामीटर दोन. सासऱ्यांचं बीपी मोजायचं पाऱ्याचं यंत्र एक. बायको म्हणाली, एवढं कशाला साठवलंत? म्हटलं, साठवलं नाही, राहून गेलं.

५ मार्च, बुधवार
आपल्या घरचं काय, कोणीही नेईल. बिल्डिंगचं काय? जिन्यात चिठ्ठी लावली: पाऱ्याच्या वस्तू माझ्याकडे आणून द्याव्यात. खाली माझं नाव, जरा ठळक. बायको म्हणाली, आधी आपलं तर न्या. दूरदृष्टी हा तिचा विषय नाही.

८ मार्च, शनिवार
केंद्र फक्त शनिवारी उघडं, दहा ते बारा. आज गेलो नाही. वरच्या मजल्याचं यायचं बाकी आहे आणि अर्धवट काम मी जन्मात केलेलं नाही.
आमच्या बरोब्बर खाली राहणारे मास्तर चार ट्यूब ठेवून गेले. माझं तोंडभर कौतुक केलं. जिन्यात बायकोला हळूच म्हणाले, आमचं घर मात्र मोकळं झालं हो वहिनी. मला सगळं ऐकू जातं. कान पहिल्यापासून तिखट.

११ मार्च, मंगळवार
ट्यूब एकतीस झाल्या. फुटू नयेत म्हणून चादरींत गुंडाळल्या. बायको विचारते, अंगावर काय घ्यायचं? प्रत्येक मोठ्या कामात घरचा विरोध असतोच.
लेकीने विचारलं, झालं का? म्हटलं, झाल्यातच जमा.

१५ मार्च, शनिवार
सकाळी ८. टेम्पो साडेनऊला सांगितलाय.
८.२०. एक शंका. या ट्यूब खरंच गेल्यात, की लोकांनी उगाच काढल्या? चालू ट्यूब टाकणं माझ्या हातून व्हायचं नाही. एकेक लावून बघतो. दहा मिनिटांचं काम.
११.१५. नऊ लागल्या! लोकांना काही म्हणजे काही कळत नाही. टेम्पोवाल्याला तीनदा म्हटलं, पाच मिनिटं थांब. माणसांना धीर नाही. गेला.
१२.१०. केंद्राला फोन केला. बंद. आता पुढचा शनिवार.
लेकीला कळवलं नाही. समजूतदार आहे. आतल्या खोलीला कुलूप लावलं की झालं.

१६ मार्च, रविवार
दुपारी ३. कुलूप लावलं होतं. पण त्या नऊ ट्यूब चालू असल्यामुळे हॉलमध्येच भिंतीला टेकवल्या होत्या. लेक उंबऱ्याशीच थांबली, नात कडेवर. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, हिला खाली कुठे सोडू?"
तेवढ्यात जिन्यातून मास्तर म्हणाले, "आमच्याकडे आण की. घरात पाऱ्याचा थेंब नाही. तुझ्या बाबांचीच कृपा."
४.००. सगळे खाली. बायकोसुद्धा, नातीची वाटी आणि चमचा घेऊन. मीही गेलो असतो, पण एवढा माल उघड्यावर टाकून कसं जाणार?
४.२०. बेल वाजली. धावत जाऊन दार उघडलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी, हातात थर्मामीटर. तुम्ही घेता ना, म्हणाल्या. घेतला.
४.३०. नात मास्तरांच्या फरशीवर थपथप हात आपटत रांगतेय. इथवर ऐकू येतं. मास्तर तिला 'आजोबा' म्हणायला शिकवतायत. कोणाकडे बोट दाखवून, ते मात्र नुसत्या कानांनी कळत नाही.