एकशेवीस-ऐंशी

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा तुझ्यावरचा राग कमी झालेला नाही. परवा लवळ्याच्या एका कॉलेजमध्ये, एसी हॉलमध्ये बसल्या बसल्या तो पुन्हा उफाळून आला. तालुक्यातल्या आम्हा नर्सबायांना तिथं नेतृत्व शिकायला बोलावलं होतं. मी तुझ्याच खात्यात लागले, आता आरोग्य केंद्रातली सगळ्यात जुनी नर्स, हाताखाली चौघी-पाचजणी, म्हणून मी लीडर. शिकवणारा मुलगा पुण्याचा, फार गोड बोलणारा. म्हणाला, डोळे मिटा आणि तुमच्या आयुष्यातली पहिली लीडर आठवा. मला तू आठवलीस. ओट्यापाशी उभी आहेस, उभ्यानंच चहा ढोसतेयस, खांद्याला लशीचा डबा. मी गोधडीत तापानं फणफणलेय. "आज नको ना जाऊ," मी म्हणते. तू वळूनसुद्धा बघत नाहीस. "तितं बायका पोरं घिऊन बसल्यात. गोळी खा आन् गप पड." आणि गेलीस. वाडीला तू देवी होतीस, घरात मला गार भात होता. तरी हॉलमध्ये उठून मी "माझी आई" म्हटलं आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी माझा नुसता संताप झाला.

जेवणानंतर आमच्या तब्येतीचा विषय निघाला. एकमेकींचा बीपी मोजा, तो मुलगा म्हणाला. आम्ही अख्ख्या गावाचा मोजतो, स्वतःचा कुणी मोजत नाही. जास्त निघाला तर रजा घ्यावी लागते, आणि रजा घेतली की आपलं काम दुसरीच्या बोकांडी बसतं. म्हणून आमच्यात रीतच आहे. पट्टा नावापुरता गुंडाळायचा आणि एकशेवीस-ऐंशी सांगून मोकळं व्हायचं. तूही डॉक्टरांना हेच सांगायचीस, दुखरं डोकं फडक्यानं आवळून. मग एक दिवस लसीकरण चालू असतानाच कोसळलीस आणि पौडच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलीस. परवा हॉलभर तेच चाललं होतं, हिचं एकशेवीस-ऐंशी, तिचं एकशेवीस-ऐंशी. "किती फिट आहात तुम्ही!" मुलगा म्हणाला. गाढव कुठला.

माझा पट्टा माझ्याच केंद्रातल्या नर्सनं बांधला. नांदे गावची आहे, दोन लेकरांची आई, तोंडानं फटकळ. तिनं खरोखर हवा भरली, सोडली, पुन्हा भरली.

"ताई, ह्यो लई हाय."

"एकशेवीस-ऐंशी सांग."

"मी न्हाई सांगायची. मरायचंय का तुमाला?" आणि भर हॉलमध्ये ओरडली, "सर, आमच्या ताईंचा दोनशेच्या घरात हाय!"

तिच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला. पण इतर बायकांनी मुकाट्यानं पट्टे सोडून पुन्हा बांधले, आणि या वेळी खरे आकडे यायला लागले. मुलाचा चेहरा उतरला. "आपण सगळे दीर्घ श्वास घेऊ या," म्हणाला. मी म्हटलं, "श्वास आम्ही घेतोच, साहेब. तुम्ही माणसं द्या. एकेकीकडं तीन-तीन गावं आहेत." हसून त्यानं पुढची स्लाइड लावली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि आठवडाभर घरी बसायला सांगितलंय. आज वाडीत लसीकरण आहे आणि माझ्या जागी ती नांद्याची गेलीय. मी सकाळीच गोळी घेतली. मला तुझ्यासारखं मरायचं नाही, आई. तू ज्याला सेवा म्हणायचीस तो नुसता हट्ट होता आणि त्याची किंमत मी मोजली. हे तुझ्या तोंडावर बोलायचं होतं, ते आता कागदावर बोलतेय, आणि हा कागद कुठं जायचा नाही. एक मात्र कबूल करते. जाता जाता ती मला बघायला घरी आली होती, निघाली तेव्हा तिला दारातून परत बोलावून मी बजावलंय, वाडीतल्या बायकांनी विचारलं तर ताई आजारी आहेत म्हणू नकोस, पुण्याला मीटिंगला गेल्यात म्हण.