पेडलवरचे वीस किलो

४ जानेवारी, रविवार

दोनशे सतरा! सलग वीस मिनिटं, सरासरी दोनशे सतरा वॅट! मी! वय एकोणपन्नास, काम राइस मिलच्या धरमकाट्यावर धानाच्या गाड्या मोजणं, गुडघे दोन, त्यातला एक कामातून गेलेला!

त्या गुडघ्यासाठीच तर लेकीने, उर्वशीने, दिवाळीत नागपूरहून ही सायकल पाठवली. जागची हलत नाही. पण समोर मोबाइल लावला की त्यात डोंगर, पूल, समुद्र! देशोदेशीच्या बायका आपापल्या घरी बसून त्याच रस्त्यावर पेडल मारतात. पायाचा जोर वॅटमध्ये दिसतो. जितके वॅट जास्त, तितकी पडद्यातली मंदा पळते. आज तिने एक्केचाळीस जणींना मागे टाकलं. त्यातल्या निम्म्या गोऱ्या!

आमचे हे चहाचा कप घेऊन दारात उभे. "एवढ्या जोरानं खरी सायकल मारली असती तं आतावरी भंडाऱ्याले पोचली असती." जळतात!

६ जानेवारी, मंगळवार

२२१! गुडघा? कोणता गुडघा?

९ जानेवारी, शुक्रवार

उर्वशीचा फोन. नागपुरातल्या एका क्लबची बायकांची टीम निघते आहे. आधी पडद्यावरच्या शर्यती, मग रस्त्यावरच्या. शाळेत असल्यापासून पोरगी सायकलवेडी, चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा कोणी टीममध्ये घेतंय. फॉर्मची शेवटची तारीख २६. घरच्या सायकलवर वीस मिनिटं सरासरी २३० वॅट हवेत. हिचे १९६ च्या वर जात नाहीत.

मी म्हटलं, "अवं, म्या म्हातारी दोनशे एकवीस मारतो! जेवत जा जरा!"

हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "व्हय आई." आणि फोन ठेवला. रेंज गेली असेल.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारच्या रिताकडे हळदीकुंकू. बायका साड्यांबद्दल बोलत होत्या, मी वॅट काढले. दोनशे एकवीस म्हटल्यावर रिताने विचारलं, "म्हणजे मिक्सर चालन का जी त्याच्यावर?"

मिक्सर! बाई गं, तुझ्या घरचे चार पंखे फिरतील! सगळ्याजणी हसल्या, मी सगळ्यांत जास्त. तिळगुळाचे पाच लाडू खाल्ले. खेळाडूला चालतात.

१५ जानेवारी, गुरुवार

उर्वशी म्हणते, फॉर्म भरत नाही. "घरच्या मायले हरवता येत नाही मले. टीममध्ये जाऊन का करू?"

मी म्हटलं, वेडी आहेस का! पण खरं सांगू? एक क्षण बरंही वाटलं. दोनशे एकवीस म्हणजे दोनशे एकवीसच ना. असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

१८ जानेवारी, रविवार

शर्यत! तिसरी आले!! नाचत होते, तेवढ्यात पडद्यावर कोणा बाईचा इंग्रजी संदेश. मिलमध्ये कॉम्प्युटरवर बसणारी रक्षा गल्लीतच राहते, तिला दाखवला. ती वाचून अवघडली. "काकू, ते म्हणून राहिली का तुमची सायकल तपासून घ्या. आकडा जास्त दाखवते म्हणते."

माझा काटा खोटा? माझा? एकोणीस वर्षं काट्यावर बसते आहे मी! गाडीवान सीटखाली दगड दडवून आणतो, तो मला त्याच्या तोंडाकडे पाहून कळतो. आणि ही कोण कुठली बाई मला माप शिकवणार?

उद्या दाखवतेच.

१९ जानेवारी, सोमवार

सरकारी शिक्क्याचं वीस किलोचं वजन मागायला मिलमालक भैय्यालालजींकडे गेले. "सायकलले कायले वजन, मंदाबाई?" म्हटलं, "रिकामी आहे का भरलेली, ते पाहाचं आहे." हसून नेऊ दिलं.

मोबाइलमध्ये सायकल तपासायचं एक पान असतं, पेडलवर किती किलो पडतात ते दाखवतं. रक्षाने शोधून दिलं. पेडल आडवं धरलं, ब्रेक आवळला, दोरीने वजन टांगलं. रिता, रक्षा, आमचे हे, सगळे साक्षीला बोलावलेले. मीच बोलावलेले!

एकतीस.

विसाचे एकतीस! पुन्हा टांगलं. एकतीस. दुसऱ्या पेडलला टांगलं. एकतीस! घरचंच नाणं खोटं, आणि मी गावभर खणखणा वाजवत फिरले!

हिशेब केला. माझे पहिल्या दिवशीचे दोनशे सतरा म्हणजे खरे एकशे चाळीस. हे गंभीर तोंड करून म्हणाले, "म्हणजे भंडाऱ्याले नाही, वाटेतल्या मोहाडीलेच पोचली असती." मग जे हसू सुटलं! मी तर खाली फतकल मारून हसले. रिताने मिक्सरचं पुन्हा काढलं.

सगळे गेल्यावर उर्वशी आठवली, आणि हसू जागच्या जागी थांबलं. जेवत जा म्हटलं होतं मी तिला. या खोट्या काट्याच्या जिवावर!

२० जानेवारी, मंगळवार

उर्वशीला सगळं सांगितलं. आधी खूप हसली. मग म्हणाली,

"आई, माझीबी त्याच कंपनीची आहे. मंग तेबी जास्तच दाखवत असन. म्हणजे माहे १९६ बी खरे नाहीत."

म्हटलं, तपासू. वजन घेऊन येते.

"नको! आणू नको आई. एकशे सव्वीस निघाले तं मी पेडलवर पाय ठेवणार नाही पुन्हा. राहू दे."

बापरे, तिने हिशेबसुद्धा करून ठेवला होता.

२१ जानेवारी, बुधवार

आज सायकलवर बसले नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

बसले. एकशे चाळीस तर एकशे चाळीस! गुडघा दुखत नाही हे तरी खरं आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

युक्ती! पोरीने वजन आणू नको म्हटलं आहे. तांदूळ आणू नको असं कुठे म्हटलंय?

गोदामातल्या छोट्या काट्यावर नवा चिन्नोर तांदूळ भरला. ओंजळीने टाकत, चिमटीने काढत, पोत्यासकट, सुतळीसकट वीस किलो. एक दाणा इकडेतिकडे नाही. भैय्यालालजी बघत होते. "पोरीले तांदूळ देता का सोनं?"

हसले खरी, पण तिकडेही एकतीस निघाले तर? पोरीचं मन मोडायला मी माझ्याच हाताने पोतं भरून नेते आहे. आणि नाही नेलं तर ती जन्मभर माझ्या खोट्या आकड्याला हरलेली राहील. ते मला चालणार नाही. परवा सकाळच्या गाडीने निघते.

२५ जानेवारी, रविवार. नागपूर

पोतं उचलताक्षणी तिने ओळखलं. काट्यावालीची पोर! "पोत्यासकट वीस ना, आई?" मी मान खाली घातली. मग तिनेच पेडल आडवं केलं, ब्रेक आवळला, पोतं टांगलं, मोबाइल माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. "तू वाच."

सोळा.

सोळा! विसाचे सोळाच! हिचा काटा कमी दाखवतो! पोरीचे १९६ म्हणजे खरे दोनशे पंचेचाळीस, टीमला हवे होते दोनशे तीसच! माझ्या लेकीचं माप इतके दिवस कमी भरत होतं, आणि मी तिला म्हणत होते जेवत जा!

ती रडत रडत फॉर्म भरते आहे. पोतं अजून पेडललाच आहे, सोडू देत नाही. भात कशाचा लावू?