साडूची रसद

४ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की मोठी माणसं लिहून ठेवतात. शिवाय घरात बोलायची सोय नाही. शत्रू पडला हिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा.
काल सासऱ्यांच्या वाढदिवसाला साडू भर पंगतीत म्हणाला, आमचे साडूभाऊ भोकं विकतात आणि भोवतीचं रबर फुकट देतात. सगळे हसले. सासरे हसले. हीसुद्धा, तोंडाला पदर लावून. मीही हसलो, दिलदार माणूस आहे. पण हातगाडीवर नटबोल्ट विकत इथवर आलोय, विसरत नाही. त्याचे पाण्याचे पंप माझ्याच रबरी वॉशरवर चालतात. वॉशर नसला की पंपाचं कारंजं होतं.
संकल्प : साडूने माझ्या दारात येऊन, हात जोडून वॉशर मागायचा. तोवर चैन नाही.

९ मार्च
दैव माझ्या बाजूने. दूर कुठल्याशा सामुद्रधुनीत तंटा पेटलाय, जहाजं अर्ध्या जगाला वळसा घालून येणार. बाजारात सगळ्यांची तोंडं उतरलेली. मी एकटाच शीळ घालत हिंडलो.
साडूला फोन केला. माल अडकला, नाइलाज आहे. (गोदाम छतापर्यंत भरलंय.) आवाजात दुःख फार छान आलं. म्हणाला, असू दे साडूभाऊ, समुद्राला तुम्ही काय करणार. बिचारा!

१२ मार्च
व्यापार खात्याची बैठक. खात्याच्या बाई फर्डं बोलल्या. म्हणाल्या, आपल्याकडे खाण नाही, तेल नाही, बंदर आहे आणि शब्द आहे. टंचाई आली म्हणून माल अडवायचा नाही; आज आपण अडवला तर उद्या आपला कोण सोडेल? आणि एकाच दारावर विसंबू नका, चार दारं आधीच ठोठावून ठेवा. लहानमोठ्या देशांशी आपले करार आहेत, ओळखी आम्ही करून देऊ.
सर्वांत मोठी टाळी माझी. पुरवठा स्थैर्य समितीचा चिटणीस म्हणून माझी एकमताने निवड. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. दरारा.
साडू मागच्या रांगेत काहीतरी टिपून घेत होता. चेहरा ओढलेला वाटला. चष्मा घरी राहिला होता, पण अशा गोष्टी जाणवतात.

२० मार्च
घात! साडूच्या पंपाला लागतो त्याच मापाचा वॉशर बाजारात कोणीतरी विकतंय. माझ्याच परदेशी कारखानदाराने मागच्या दाराने सोडला असणार, चोर लेकाचा. दलाल म्हणाला, नाव सांगायचं नाही अशी अट आहे शेठ, पण माणूस सज्जन आहे. सगळाच्या सगळा उचलला. साडूच्या हाती एकसुद्धा लागता कामा नये. दलाल म्हणाला, भाव चढा आहे बरं का. म्हटलं, सूड घेताना घासाघीस करत नाहीत.

२८ मार्च
आणखी आला. उचलला. दलालाने चहा पाजला, स्वतःच्या पैशाने. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. वजन वाढतंय माझं.
कान मात्र पहिल्यापासून तिखट. कॉफीच्या दुकानात फळीच्या पलीकडून साडूचा आवाज : सगळं संपत आलं, आता थोडकंच उरलंय, मग गोदाम रिकामं. ऐकून गहिवरलो. दुसरी कॉफी मागवली.

२ एप्रिल
ही बहिणीकडे जाऊन आली. नवे पडदे, नवा सोफा, म्हणे. म्हटलं, विझताना दिवा मोठा होतो. ही म्हणाली, मग आपण जरा विझू या ना!
दुकानाचा वरचा मजला गहाण टाकला. हिला आत्ता सांगत नाही. साडू दारात आला की एकदमच सांगू, आनंद मावणार नाही.

६ एप्रिल
गोदामात पाय ठेवायला जागा नाही. पोती जिन्यात, पलंगाखाली, न्हाणीघराबाहेर. ही म्हणाली, अहो, सायकलच्या ट्यूबमध्ये झोपल्यासारखं वाटतंय. बायकांना मुत्सद्देगिरीचा वास सहन होत नाही.
संध्याकाळी समितीत भाषण ठोकलं : टंचाईत माल दाबून ठेवणारा देशाचा वैरी! डोळ्यांतून पाणी आलं. बाई हेलावल्या. रबराने डोळे दिवसभर चुरचुरतच होते, पण वेळ अचूक साधली.

१५ एप्रिल
साडू आला नाही. संध्याकाळभर दार उघडं टाकून बसलो. डास आले.
दलाल म्हणतो, संपला माल, शेवटचा डबाही तुम्हीच घेतलात. म्हणजे जगातला एकूण एक वॉशर माझा. आता जातो कुठे!

२२ एप्रिल
तंटा मिटला. जहाजं सुटली. पहिल्याच जहाजात माझी जानेवारीतली ऑर्डर. साफ विसरलो होतो. हमाल विचारत होता, ठेवू कुठं?

२७ एप्रिल
समितीचा समारंभ. मानपत्र चिटणीसाने वाचायचं. कोणाचं, ते पाकीट फोडल्यावर कळलं. 'ऐन टंचाईत एकही गिऱ्हाईक रिकाम्या हाताने न पाठवणारे उद्योजक' : साडू.
बाईंनी ओळखी करून दिल्या, चार देशांतून नव्या तऱ्हेचं सील आलं, पंपाची घडणच बदलली. जुना वॉशर आता लागतच नाही. बाईंनी विचारलं, मग पडून राहिलेला साठा? साडू म्हणाला, कोणी कदरदान भेटला, चढ्या भावाने सगळा घेऊन गेला. त्याच पैशातून नवे साचे केले. नाव कळलं नाही, पण जिथे असेल तिथे सुखी असो. सभागृह उभं राहिलं. चिटणीसाला बसून राहता येत नाही.
बाहेर दलालाला गाठलं. म्हटलं, त्या मापाचा वॉशर आणखी कोण वापरतं? म्हणाला, कोणीच नाही शेठ. साडूंच्या पंपाला दुसऱ्याचा माल बसू नये म्हणून ते माप तुम्हीच खास पाडून घेतलं होतंत ना? हुशारी होती तुमची.

३ मे
साडू आला! आपल्या पायांनी. दारात उभं राहून हात जोडले. म्हणाला, साडूभाऊ, तुमच्याकडे वॉशर असेल का हो? मी जागचा उठलो. आवाज जड करून विचारलं, किती हवेत?
म्हणाला, एक. बंदरावर खात्याचं प्रदर्शन आहे, आमचा पहिला पंप काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. जुन्या मापाचा एकही उरला नाही आमच्याकडे.
पलंगाखालून काढून दिला. तो पैसे द्यायला लागला, तर ही आतून ओरडली, घरच्या माणसाकडून कसले पैसे घेताय!
तरी संकल्पाप्रमाणे सगळं तंतोतंत झालं. दारात आला, हात जोडले, मागितलं.
ही म्हणाली, आणखी दोन-चार न्या की, हरवला-बिरवला तर असू देत. तो म्हणाला, नको ताई, एवढे घेऊन करू काय!